कंटेनर इमेजची स्वयंचलित बांधणी व प्रकाशन

कंटेनर इमेजची स्वयंचलित बांधणी व प्रकाशन ही सॉफ्टवेअर निर्मितीतील एक कार्यपद्धती आहे. प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये बदल झाला, नवी आवृत्ती घोषित झाली किंवा ठरवून दिलेली वेळ आली, की त्या कोडपासून कंटेनर इमेज तयार करणे, तिची चाचणी घेणे, तिला आवृत्तिक्रमांक देणे आणि ती रजिस्ट्री नावाच्या साठवण-सेवेवर पाठवणे ही सर्व कामे या पद्धतीत माणसाने प्रत्येक वेळी आज्ञा न देता सर्व्हरवर पार पडतात. ही पद्धत सातत्यपूर्ण एकत्रीकरण व सातत्यपूर्ण वितरण या व्यापक कार्यप्रणालींचा भाग मानली जाते.

विकसकाने स्वतःच्या संगणकावर बांधलेल्या इमेजमध्ये त्या संगणकावरील जुनी पॅकेजेस, नोंद न झालेले बदल किंवा खासगी फाइली नकळत शिरू शकतात. ती इमेज नेमक्या कोणत्या कोडपासून बनली, हे पुढे खात्रीने सांगता येत नाही. स्वयंचलित बांधणीत प्रत्येक इमेजचा संबंध कोडच्या एका निश्चित नोंदीशी जोडता येतो. मात्र त्याचबरोबर प्रकाशनाचा अधिकार माणसाकडून यंत्रणेकडे जातो आणि ती यंत्रणाच हल्लेखोरांचे लक्ष्य ठरते. त्यामुळे बांधणीचा वेग आणि सोय यांइतकाच बांधणी-यंत्रणेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न या विषयात महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

कंटेनर म्हणजे यजमान संगणकाचा कर्नल वापरणारी, परंतु स्वतःची फाइलव्यवस्था, प्रक्रिया व जालव्यवस्था यांपुरती विलग ठेवलेली आज्ञावली. कंटेनर सुरू करण्यासाठी लागणाऱ्या सर्व फाइली व सूचना ज्या गठ्ठ्यात असतात, त्याला कंटेनर इमेज म्हणतात. इमेजमध्ये सामान्यतः एखाद्या लिनक्स वितरणाच्या मूलभूत फाइली, प्रोग्रामिंग भाषेची चालन-व्यवस्था, आवश्यक लायब्ररी आणि प्रत्यक्ष आज्ञावली यांचा समावेश होतो.

इमेज एकसंध नसून अनेक थरांची बनलेली असते. प्रत्येक थरात त्याआधीच्या थरांच्या तुलनेत कोणत्या फाइली वाढल्या, बदलल्या किंवा काढल्या गेल्या याची नोंद असते. वरच्या थरात एखादी फाइल काढून टाकली, तरी ती खालच्या थरातून नाहीशी होत नाही. ती केवळ झाकली जाते. इमेज मिळवणारी कोणतीही व्यक्ती खालचा थर वेगळा उघडून ती फाइल वाचू शकते.

थरांची यादी व क्रम ज्या छोट्या दस्तऐवजात नोंदवलेला असतो, त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. प्रत्येक थर व मॅनिफेस्ट यांची ओळख त्यांच्या मजकुरावरून काढलेल्या एसएचए-२५६ हॅशने ठरते. या ओळखीला डायजेस्ट म्हणतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी डायजेस्ट बदलतो.

इतिहास

स्वयंचलित बांधणीची कल्पना कंटेनरपेक्षा जुनी आहे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना विकसित केलेली हडसन ही प्रणाली २०११ पासून जेन्किन्स या नावाने ओळखली जाते. कोडमध्ये बदल होताच तो संकलित करून चाचण्या चालवणे, हे अशा प्रणालींचे मूळ काम होते.

मार्च २०१३ मध्ये डॉटक्लाउड या कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकर हे साधन प्रथम जाहीरपणे दाखवले. डॉकरने इमेज बांधण्याच्या सूचना डॉकरफाइल नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत लिहिण्याची पद्धत रूढ केली. या सूचना कोडसोबतच साठवता येत असल्यामुळे त्या कोणत्याही सर्व्हरवर पुन्हा चालवणे शक्य झाले. जून २०१४ मध्ये डॉकर १.० सोबत डॉकर हब ही सार्वजनिक सेवा सादर झाली. गिटहब किंवा बिटबकेटवरील कोड-भांडार जोडल्यास प्रत्येक बदलानंतर इमेज बांधण्याची सोय त्या सेवेत होती.

इमेजचे स्वरूप एकाच कंपनीच्या हाती राहू नये, यासाठी जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या अंतर्गत ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या संस्थेची स्थापना झाली. तिने इमेजच्या स्वरूपाचे व चालन-व्यवस्थेचे १.० मानक जुलै २०१७ मध्ये, तर रजिस्ट्रीशी होणाऱ्या देवघेवीचे १.० मानक मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. या मानकांमुळे एका साधनाने बांधलेली इमेज दुसऱ्या संस्थेच्या रजिस्ट्रीवर ठेवून तिसऱ्याच साधनाने चालवणे शक्य झाले.

पुढे कोड साठवणाऱ्या सेवांनी बांधणी व साठवण या दोन्ही सोयी स्वतःकडेच देण्यास सुरुवात केली. गिटलॅबने मे २०१६ मध्ये अंगभूत कंटेनर रजिस्ट्री आणली. गिटहब अ‍ॅक्शन्स ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २०२० मध्ये गिटहबने स्वतंत्र कंटेनर रजिस्ट्रीची चाचणी-आवृत्ती सुरू केली.

कार्यपद्धती

स्वयंचलित बांधणीची कार्यमाला, म्हणजेच पाइपलाइन, सामान्यतः कोड-भांडारातच एका मजकूर-फाइलीत लिहिलेली असते. त्यामुळे कार्यमालेतील बदलही कोडमधील बदलांप्रमाणे तपासता येतात.

प्रारंभ

कार्यमाला तीन प्रकारे सुरू होते : मुख्य शाखेत बदल नोंदवल्यावर, आवृत्तीचा टॅग दिल्यावर, अथवा वेळापत्रकानुसार. बाहेरच्या व्यक्तीने सुचवलेला बदल, म्हणजे पुल रिक्वेस्ट, आल्यावर इमेज बांधून पाहिली जाते, परंतु ती प्रकाशित केली जात नाही. अनोळखी व्यक्ती आपल्या बदलात बांधणीच्या सूचनाही बदलू शकते. अशा वेळी प्रकाशनाची किल्ली उपलब्ध असल्यास ती चोरीला जाण्याचा धोका असतो.

बांधणी

बांधणीचे काम रनर नावाच्या संगणकावर होते. रनर बहुधा आभासी यंत्र असते आणि काम संपल्यावर ते नष्ट केले जाते. प्रत्येक बांधणी कोऱ्या यंत्रावर होत असल्याने आधीच्या कामाचे अवशेष नव्या इमेजमध्ये येत नाहीत.

डॉकरफाइलची सुरुवात ‘फ्रॉम’ या सूचनेने पायाभूत इमेज निवडून होते. ‘कॉपी’ ही सूचना फाइली आत घेते, तर ‘रन’ ही सूचना आज्ञा चालवून तिच्या परिणामाचा नवा थर बनवते. मे २०१७ मधील डॉकर १७.०५ या आवृत्तीपासून एकाच डॉकरफाइलमध्ये अनेक टप्पे लिहिता येतात. पहिल्या टप्प्यात संकलक व इतर साधने वापरून आज्ञावली संकलित केली जाते आणि अंतिम टप्प्यात केवळ तयार फाइल उचलली जाते. संकलक अंतिम इमेजमध्ये नसल्याने तिचा आकार घटतो आणि हल्लेखोराच्या उपयोगी पडणारी साधनेही कमी होतात.

चाचणी

बांधलेली इमेज प्रकाशनापूर्वी प्रत्यक्ष चालवून पाहिली जाते. कोडच्या चाचण्या यशस्वी होऊनही एखादी लायब्ररी अंतिम टप्प्यात उचलायची राहिल्यामुळे इमेज सुरूच न होणे, हा नेहमी आढळणारा दोष आहे. यासोबत ट्रिव्ही किंवा ग्राइप यांसारखी साधने इमेजमधील पॅकेजेसची यादी ज्ञात सुरक्षा-त्रुटींच्या नोंदींशी ताडून पाहतात. या तपासणीत केवळ आधीच नोंदवलेल्या त्रुटी सापडतात. प्रकल्पाच्या स्वतःच्या कोडमधील अज्ञात दोष तिच्या कक्षेबाहेर असतात.

प्रकाशन

इमेज रजिस्ट्रीवर पाठवताना प्रथम प्रत्येक थराचा डायजेस्ट रजिस्ट्रीकडे आधीपासून आहे का, हे विचारले जाते. जो थर तेथे नसेल तोच पाठवला जातो. सर्व थर पोहोचल्यानंतर शेवटी मॅनिफेस्ट पाठवले जाते. या क्रमामुळे मध्येच संपर्क तुटला तरी अर्धवट इमेज वापरकर्त्यांच्या हाती पडत नाही.

टॅग आणि डायजेस्ट

प्रकाशित इमेजला टॅग हे वाचनीय नाव दिले जाते. टॅग हा केवळ निर्देशक असतो. तोच टॅग उद्या दुसऱ्या इमेजकडे वळवता येतो. डायजेस्ट मात्र इमेजच्या मजकुरातूनच निघत असल्याने तो दुसऱ्या इमेजला लागू होऊ शकत नाही.

अनेक प्रकल्प एका इमेजला एकाच वेळी अनेक टॅग देतात. आवृत्ती २.४.१ प्रकाशित झाल्यावर त्याच इमेजला ‘२.४.१’, ‘२.४’ आणि ‘२’ असे तीन टॅग दिले जातात. पुढे २.४.२ आल्यावर शेवटचे दोन टॅग नव्या इमेजकडे सरकतात, पहिला मात्र जागीच राहतो. यामुळे दुरुस्त्या आपोआप हव्या असलेला वापरकर्ता ‘२.४’ निवडू शकतो आणि स्थैर्य हवे असलेला ‘२.४.१’.

‘लेटेस्ट’ या टॅगविषयी गैरसमज आढळतो. वापरकर्त्याने कोणताही टॅग न सांगितल्यास गृहीत धरले जाणारे हे नाव आहे. ते सर्वांत नव्या इमेजकडे आपोआप वळत नाही. प्रकल्पाने जुन्या शाखेवरील दुरुस्ती प्रकाशित करताना काळजी न घेतल्यास ‘लेटेस्ट’ मागील आवृत्तीकडे वळू शकतो. प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर इमेज डायजेस्टने नोंदवावी, अशी शिफारस त्यामुळे केली जाते. नव्या आवृत्तीत दोष आढळल्यास आधीच्या डायजेस्टकडे परतणेही सोपे होते.

इमेजवर माहितीपर लेबले लावण्याची सोय ओपन कंटेनर इनिशिएटिव्हच्या मानकात आहे. मूळ कोडचा पत्ता आणि कमिटची ओळख ही लेबले कार्यमालेने आपोआप भरल्यास इमेजवरून थेट मूळ कोडपर्यंत पोहोचता येते.

अनेक प्रोसेसर-रचनांसाठी बांधणी

एक्स८६-६४ आणि आर्म६४ या प्रोसेसर-रचनांसाठी संकलित फाइली वेगळ्या असतात. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपवरील संगणक आणल्यानंतर, तसेच आर्म प्रोसेसरवरील सर्व्हर मेघसेवांमध्ये रुळल्यानंतर दोन्ही प्रकारच्या इमेज पुरवण्याची गरज वाढली. अशा वेळी प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र इमेज बांधून त्या सर्वांची एक अनुक्रमणिका प्रकाशित केली जाते. वापरकर्ता एकच नाव वापरतो आणि त्याच्या संगणकाला योग्य ती इमेज मिळते.

दुसऱ्या रचनेची इमेज क्यूईएमयू या अनुकरण-साधनाद्वारे बांधता येते, परंतु अनुकरणात संकलन बरेच मंदावते. त्यामुळे मोठे प्रकल्प त्या त्या रचनेच्या प्रत्यक्ष रनरवर बांधणी करून शेवटी अनुक्रमणिका जुळवतात. रजिस्ट्रीवरील जुन्या इमेज आपोआप काढून टाकताना येथे सावधगिरी लागते. अनुक्रमणिकेतील घटक-इमेजना स्वतःचा टॅग नसतो. त्या निरुपयोगी समजून काढल्यास अनुक्रमणिका शिल्लक राहते, पण इमेज मिळत नाही.

कॅशे आणि पुनर्बांधणी

बांधणीचा वेळ वाचवण्यासाठी आधी तयार झालेले थर पुन्हा वापरले जातात. सूचना आणि तिला लागणाऱ्या फाइली बदललेल्या नसतील, तर तिचा थर कॅशेतून घेतला जातो; एखादी सूचना बदलली की तिच्यापुढील सर्व थर नव्याने बांधावे लागतात. म्हणून लायब्ररींची यादी आधी आत घेऊन त्या स्थापित केल्या जातात आणि वारंवार बदलणारा कोड त्यानंतर आणला जातो. रनर प्रत्येक वेळी कोरा असल्याने कॅशे रजिस्ट्रीवर किंवा अन्य साठवणुकीत ठेवावा लागतो. नोव्हेंबर २०१८ मधील डॉकर १८.०९ मध्ये समाविष्ट झालेल्या बिल्डकिट या बांधणी-इंजिनामुळे हे काम सुलभ झाले.

कॅशेचा एक दुष्परिणाम सुरक्षेशी निगडित आहे. पॅकेजेस अद्ययावत करण्याची सूचना डॉकरफाइलमध्ये असली, तरी तिचा मजकूर बदललेला नसल्याने तिचा जुनाच थर वापरला जाऊ शकतो. बांधणी यशस्वी दिसते, परंतु इमेजमध्ये काही महिन्यांपूर्वीची पॅकेजेस राहतात.

कोड न बदलताही इमेज जुनी होते, कारण तिच्यातील लायब्ररींमध्ये नव्या त्रुटी उघड होत राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉग४जे या लायब्ररीतील ‘लॉग४शेल’ ही गंभीर त्रुटी जाहीर झाल्यावर ती लायब्ररी असलेली प्रत्येक इमेज नव्याने बांधणे आवश्यक ठरले. ज्या प्रकल्पांची बांधणी स्वयंचलित नसते, त्यांच्या बाबतीत मूळ विकसक उपलब्ध नसल्यास अशी दुरुस्ती अडकून पडते. म्हणून अनेक प्रकल्प दर आठवड्याला किंवा दररोज कॅशे न वापरता पुनर्बांधणी करतात.

सुरक्षा

बांधणी-यंत्रणेकडे मूळ कोड वाचण्याचा आणि रजिस्ट्रीवर लिहिण्याचा असे दोन्ही अधिकार असतात. तिच्यावर ताबा मिळवणाऱ्याला कोडमध्ये कोणताही दृश्य बदल न करता वापरकर्त्यांपर्यंत घातक इमेज पोहोचवता येते.

उल्लेखनीय घटना

एप्रिल २०१९ मध्ये डॉकर हबच्या एका डेटाबेसमध्ये अनधिकृत प्रवेश झाल्याचे आढळले. सुमारे १,९०,००० खात्यांची माहिती त्यामुळे उघड झाली असण्याची शक्यता कंपनीने वर्तवली. त्या माहितीत स्वयंचलित बांधणीसाठी वापरकर्त्यांनी दिलेली गिटहब व बिटबकेटची टोकनेही होती. कंपनीने ती टोकने रद्द केली; परिणामी संबंधित वापरकर्त्यांना आपली भांडारे पुन्हा जोडावी लागली.

२०२१ मधील कोडकव्ह प्रकरणाचे मूळ इमेज-बांधणीतील दोषात होते. चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला हे मोजणाऱ्या या सेवेच्या एका सार्वजनिक इमेजच्या मधल्या थरात साठवण-सेवेची किल्ली राहून गेली होती. हल्लेखोराने ती काढून घेतली आणि ग्राहकांच्या बांधणी-यंत्रणांवर चालणाऱ्या कोडकव्हच्या स्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारी २०२१ पासून वेळोवेळी बदल केले. बदललेली स्क्रिप्ट त्या यंत्रणांमधील पर्यावरण-चल, म्हणजे बहुधा किल्ल्या व टोकने, बाहेरील सर्व्हरला पाठवत असे. एका ग्राहकाने मिळालेल्या स्क्रिप्टचा हॅश प्रसिद्ध केलेल्या हॅशशी ताडून पाहिल्यावर १ एप्रिल रोजी हा प्रकार उघडकीस आला. हॅशिकॉर्प या कंपनीला प्रकाशनांवर स्वाक्षरी करण्याची आपली किल्ली त्यामुळे बदलावी लागली.

मार्च २०२५ मध्ये गिटहब अ‍ॅक्शन्समधील ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या समूहाच्या एका तयार घटकाचे टॅग घातक कोडकडे वळवण्यात आले. तो घटक २३,००० हून अधिक भांडारांत वापरला जात होता. घातक कोड रनरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बांधणीच्या नोंदवहीत छापत असे, त्यामुळे सार्वजनिक भांडारांतील ती माहिती कोणालाही वाचता येत होती. ज्या प्रकल्पांनी घटकाचा उल्लेख टॅगऐवजी कमिटच्या पूर्ण हॅशने केला होता, ते सामान्यतः या हल्ल्यापासून सुरक्षित राहिले.

गुप्त माहितीचे व्यवस्थापन

बांधणीदरम्यान खासगी लायब्ररी मिळवण्यासाठी किल्ली लागल्यास ती फाइल म्हणून आत घेणे व नंतर काढून टाकणे पुरेसे नसते, कारण ती खालच्या थरात राहते. बिल्डकिटमध्ये गुप्त माहिती केवळ एका सूचनेपुरती तात्पुरती जोडण्याची सोय आहे. ती कोणत्याही थरात साठवली जात नाही. रजिस्ट्रीसाठी दीर्घकालीन पासवर्ड ठेवण्याऐवजी ओपनआयडी कनेक्ट या पद्धतीने त्या कामापुरते अल्पजीवी टोकन मिळवण्याची प्रथाही रूढ होत आहे. चोरलेले टोकन काही वेळातच निरुपयोगी ठरते.

डॉकरची पार्श्वसेवा पारंपरिकरीत्या यजमान संगणकाच्या सर्वोच्च अधिकारांनी चालते. अनेक प्रकल्प एकच रनर वापरत असल्यास हे धोक्याचे ठरते. रेड हॅटचे बिल्डा हे साधन अशा पार्श्वसेवेविना इमेज बांधते. गूगलने २०१८ मध्ये आणलेले कानिको हे साधनही याच गरजेतून निर्माण झाले. २०२५ मध्ये गूगलने त्याचा विकास थांबवला.

स्वाक्षरी आणि उगम-नोंद

इमेज खरोखर त्या प्रकल्पाच्या यंत्रणेनेच बांधली आहे, हे वापरकर्त्याला पडताळता यावे यासाठी तिच्यावर अंकीय स्वाक्षरी केली जाते. २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनने जाहीर केलेल्या सिगस्टोअर प्रकल्पातील कोसाइन हे साधन त्यासाठी वापरले जाते. त्यात विकसकाला किल्ली जपून ठेवावी लागत नाही. कार्यमालेच्या ओळखीवर आधारित अल्पजीवी प्रमाणपत्र दिले जाते आणि स्वाक्षरीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत होते.

इमेजसोबत घटकसूची व उगम-नोंद जोडण्याची पद्धतही आहे. घटकसूचीत इमेजमधील सर्व पॅकेजेस व त्यांच्या आवृत्त्या असतात, तर उगम-नोंदीत कोणत्या कोडपासून, कोणत्या यंत्रणेवर व कोणत्या सूचनांनी बांधणी झाली हे नमूद असते. अशा नोंदींच्या विश्वासार्हतेच्या पातळ्या ‘सल्सा’ या आराखड्यात निश्चित केल्या आहेत. त्याची १.० आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

खर्च व निर्बंध

सार्वजनिक सेवांवरील मोफत बांधणीचा गैरवापर आभासी चलनाच्या खननासाठी होऊ लागल्याने डॉकरने जून २०२१ मध्ये स्वयंचलित बांधणीची सुविधा मोफत खात्यांसाठी बंद केली. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबवरून इमेज घेण्यावर मर्यादा आली होती : निनावी वापरकर्त्यांना सहा तासांत १०० आणि मोफत खातेधारकांना २००. निनावी मर्यादा आयपी पत्त्यानुसार मोजली जात असल्याने, एकाच पत्त्यामागील अनेक रनर पायाभूत इमेज मागत असल्यास बांधणी अचानक अपयशी ठरू लागली. त्यावर उपाय म्हणून अनेक संस्था हार्बरसारख्या स्वतःच्या रजिस्ट्रीत पायाभूत इमेजच्या प्रती ठेवतात.

मर्यादा

स्वयंचलित बांधणी इमेजचा उगम स्पष्ट करते, पण मूळ कोड निर्दोष असल्याची हमी देत नाही. घातक बदल मुख्य शाखेत स्वीकारला गेल्यास यंत्रणा तोही तितक्याच तत्परतेने बांधून, स्वाक्षरी करून प्रकाशित करते. स्वाक्षरीवरून इमेज कोणत्या यंत्रणेतून आली एवढेच सिद्ध होते.

तसेच एकाच कोडपासून दोनदा बांधलेल्या इमेजचे डायजेस्ट बहुधा जुळत नाहीत. फाइलींवरील वेळेच्या नोंदी आणि दरम्यान बदललेली पॅकेजेस ही त्याची प्रमुख कारणे होत. त्यामुळे त्रयस्थ व्यक्तीला स्वतः इमेज बांधून प्रकाशित इमेजशी ताडून पाहता येत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी पुनरुत्पादनीय बांधणीचे प्रयत्न सुरू आहेत. जावा आज्ञावलींसाठी इमेज बांधणारे गूगलचे जिब हे साधन निर्मितीची खरी वेळ नोंदवण्याऐवजी १ जानेवारी १९७० ही तारीख वापरते. समान कोड व समान लायब्ररी असल्यास त्यामुळे डायजेस्टही समान येतो आणि प्रकाशकाच्या यंत्रणेवर विसंबून न राहता इमेजची पडताळणी करता येते.

हे सुद्धा पहा

डॉकर
कुबरनेटिस
सातत्यपूर्ण एकत्रीकरण
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
अंकीय स्वाक्षरी